बिननावाच्या पाट्या

आमचं घर आणि जुळाऱ्याचं घर यांच्यामध्ये एक भिंत आहे. ती माझ्या छातीपर्यंत येते. बांधली तेव्हा दोन्ही अंगणं वेगळी राहावीत असा हेतू होता म्हणे. माझ्या बाबतीत तो साफ फसला. कोपरं टेकायला, चहाचा कप ठेवायला आणि पलीकडे काय चाललंय ते पाहायला याहून सोयीची उंची कुणाला काढता आली नसती. आमच्या घरच्या मंडळींचं म्हणणं असं की त्या भिंतीवर माझ्या कोपरांचे खड्डे पडलेत. पडू देत. त्या खड्ड्यांत कोपरं रोवून मी जे पाहिलं तेच इथे सांगतोय. आणि आधीच सांगून ठेवतो, यात मी तिखटमीठ लावलेलं नाही. जिथे लावलंय तिथे ते तुम्हाला कळेलच.

जुळारी म्हणजे छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारा. एकेका अक्षराचा एकेक खिळा उचलायचा, ओळीत बसवायचा, ओळींचं पान करायचं, आणि पान छापून झालं की तेच खिळे पुन्हा आपापल्या खान्यात टाकायचे. तो धंदा केव्हाच बुडाला, पण नाव चिकटून राहिलं. गल्लीतली शेंबडी पोरंही त्याला जुळारीकाका म्हणतात. त्याची बायको त्याच छापखान्यात बाइंडिंगला होती. छापलेले कागद दुमडायचे, शिवायचे, पुठ्ठे चढवायचे. त्यांचं कसं जमलं याच्या आमच्या गल्लीत बऱ्याच आवृत्त्या निघाल्या आहेत. मला पटते ती अशी, की यानं पानं जुळवायची आणि तिनं ती शिवायची, या घोळात केव्हातरी ही दोघंही एकाच पुस्तकात शिवली गेली.

तिला गल्ली म्हणते जपूनकाकू. मी वहिनी म्हणतो. तुम्ही काही टाकायला निघालात आणि वाटेत ती भेटली, तर तुमचा हात धरून म्हणणार, "थांबा, जपून ठेवते." मोडक्या छत्र्या, कुकरच्या मुठी, दात पडलेले कंगवे, जोडीदार हरवलेले मोजे, कशालाच तिच्याकडे बंदी नाही. त्यांच्या माळ्यावर डब्यांची अशी रास आहे की मांजरसुद्धा वर जाताना विचार करतं. जुळारी म्हणायचा, "आमच्या घरात कामाच्या वस्तू दोनच, मी आणि ती. त्यातही माझी खात्री नाही."

पाट्यांचं प्रकरण सुरू झालं ते एका टूथब्रशपासून. एका सकाळी वहिनी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"जुना टूथब्रश आहे का हो एखादा?"

"ह्यांचा आहे की," आमची ही म्हणाली. "ब्रश ठीक आहे, दातच जुने झालेत."

"दात तूर्त नकोत. ब्रश द्या."

दोघी हसल्या. माझ्या दातांवर या घरात कुणीही हसावं, मी सवय करून घेतली आहे.

दुसऱ्या दिवशी कंगवा मागून नेला. मग कोटाची मोठाली बटणं. मग समोरच्या शिंप्याकडून तुटलेल्या कात्रीचं एक पातं. मी भिंतीवर होतोच. अंगणाच्या पायरीवर बसून वहिनींचं काम चालायचं. डब्याच्या पत्र्याच्या झाकणाची कड दगडावर घासघासून बोथट करायची, मग झाकण पालथं घालून आतून खिळा ठोकायचा, म्हणजे वरच्या बाजूला टेंगळं येतात. प्लास्टिकला भोक पाडायचं तर खिळा मेणबत्तीवर तापवायचा. खिडकीच्या जुन्या पडद्याच्या प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या, त्या कापून त्यांवर बटणं शिवायची. आणि शिवण कसली, बाइंडिंगची! ओढाल तर बोट तुटेल, दोरा तुटायचा नाही. हे सगळं मग छत्रीच्या काडीला नाहीतर झाडूच्या दांड्याला तारेनं आवळून बांधायचं आणि जमिनीत रोवायचं.

पाहता पाहता अंगण भरलं. पुदिन्याशेजारी माझा टूथब्रश. शेपूशेजारी आमच्या हिचा कंगवा. कोथिंबिरीला चमचा, वांग्याला कुकरची मूठ, टोमॅटोला टेंगळं काढलेलं झाकण, मिरचीला धार घालवलेलं कात्रीचं पातं. लिंबाच्या रोपाशी किल्ल्यांचा जुडगा, ज्यांची कुलपं कुठल्या कुठे गेली होती. वाऱ्यानं तो किणकिणायचा.

गंमत अशी की एकाही पाटीवर नाव नव्हतं. काही म्हणजे काही लिहिलेलं नव्हतं.

गल्लीच्या टोकाला एक निवृत्त शिक्षिका राहतात. आम्ही त्यांना मास्तरीणबाई म्हणतो, त्यांच्यामागे. चुकलेलं दिसलं की त्यांचा हात आपोआप लाल पेन शोधतो. त्या फाटकाशी थांबल्या.

"अहो, झाडांच्या पाट्या करायच्या तर त्यांवर नावं नकोत का? पाटी म्हणजे जिच्यावर लिहिलेलं असतं ती."

"लिहून काय उपयोग?" वहिनी मान वर न करता म्हणाल्या. "झाडांना कुठं वाचता येतं?"

मास्तरीणबाई आणखी चूक न काढता पुढे गेल्या. हा प्रसंग गल्लीत दुर्मिळ म्हणून मी तो चार घरी पोचवला.

दुसरी गंमत उंचीची. रोपं बोटभर आणि पाट्या कमरेएवढ्या! एवढाल्या पाट्यांत ती रोपं अशी दिसत, जशी मोठ्या माणसांच्या लग्नात हरवलेली मुलं. कोणी म्हणे पाखरं हाकलायला आहेत. कोणी म्हणे काकूंचं डोकं गेलं, अख्खा माळा अंगणात उतरवला. दूधवाल्यानं तर शपथेवर सांगितलं की जुळारीकाका सकाळी या काड्यांमधून फिरतात आणि चमच्यांशी बोलतात. चमच्यांशी! मी ते तसंच्या तसं पुढे दिलं. थोडंसं वाढवून.

पण बाकीच्यांच्या नजरेतून सुटलेलं एक मला खटकत होतं. जुळारी मधे बरेच दिवस दिसलाच नव्हता. माझ्याशी भिंतीवर दोन शब्द बोलल्याशिवाय ज्याला चहा उतरत नसे, तो घरात बसून होता. आणि बाहेर आला तो या पाट्या आल्यावर. तो आता भरभर चालत नसे. एका पाटीपाशी थांबायचा, तिच्यावरून बोटं फिरवायचा, मग खाली झाडाकडे वाकायचा. मला वाटलं, म्हातारपणी माणूस रसिक होतो.

मग एके दिवशी मला ती दांडी दिसली.

अंगणाच्या कोपऱ्यात एक फुलझाड होतं. त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. कुणीतरी कुणाला तरी दिलेलं, तिथून आलेलं. त्याला ना वास, ना फळ. त्याच्याशेजारी पडद्याच्या पट्टीवर चष्म्याची दांडी शिवलेली होती. ती मी ओळखली. तिच्या वळणाला तांब्याच्या तारेचा वेढा होता, आणि तो मीच घालून दिला होता. जुळारी झोपतानासुद्धा चष्मा काढायला विसरे. स्वप्नात प्रूफं वाचायची असतात म्हणे.

"वहिनी, त्याचा चष्मा मोडला वाटतं?"

"हो."

"मग नवा केला की नाही?"

त्या झारीनं पाणी घालत होत्या. झारी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि भिंतीपाशी आल्या.

"कशासाठी करायचा, भावजी?"

मी कप भिंतीवर ठेवला.

त्यांनी हळू आवाजात सांगितलं. डोळे हळूहळू जात होते. डॉक्टरांनी तपासलं, गेलेलं परत येणार नाही म्हणाले. आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. ज्या दिवशी बागेत कोथिंबीर समजून गाजराची कोवळी रोपं उपटली गेली, त्या दिवशी जुळारी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला, तो उठेनाच. जेव म्हटलं तर जेवायचा, झोप म्हटलं तर झोपायचा. "छापून झालेलं पान कसं असतं, भावजी? तसे झाले होते. आता यात काही बदलायचं नाही, असं."

मग एक दिवस त्यांनी स्वयंपाकघरातला डाव घेतला, पुदिन्याच्या शेजारी उलटा रोवला, नवऱ्याला हात धरून ओढत आणलं आणि त्याचा हात त्या डावावर ठेवला. तो म्हणाला, "हा आपला आमटीचा डाव. दांडा वाकलेला." त्या म्हणाल्या, "आता खाली हात घाला." त्यानं घातला. पुदिना चुरगळला, नाकाशी नेला. मग म्हणाला, "डाव परत ने, आमटी कशानं वाढशील? याला दुसरं काहीतरी बघ."

तिथून टूथब्रश.

"हे कुणाला कळता कामा नये," वहिनी म्हणाल्या. "मुलाला तर नाहीच. तो फोनवर सारखा मागे लागलाय, घर विका आणि इकडे या. बाबांना काही झालं तर तुम्ही एकट्या काय करणार, म्हणतो. त्याच्या मायेत खोट नाही हो. पण तो राहतो चौदाव्या मजल्यावर. तिथे माती कुठली? हे तिथे पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसतील, आणि या खेपेला मी काय रोवणार?"

"वहिनी, माझ्या तोंडाला कुलूप."

"तुमच्या तोंडाला मी ओळखते. गल्लीत एक शब्द जरी गेला ना, तर तुमची पाटी करून खताच्या खड्ड्यावर रोवीन."

मग त्या म्हणाल्या, "या इकडे." मी फाटकातून गेलो. त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि पहिल्या पाटीपाशी उभं केलं. टूथब्रश लगेच कळला, माझाच होता. पुढे हात केला तर कंगवा. त्यापुढे काहीतरी गार, गोल, खडबडीत. झाकण? मग मी वळलो बहुतेक, कारण पुढच्या खेपेला हाताला त्यांची कपडे वाळत घालायची दोरी लागली, आणि मग पाय कशात तरी गेला. डोळे उघडले तर मी वांग्यात उभा! चार हातांच्या अंगणात मी हरवलो होतो.

उभा राहून पुन्हा त्या पाट्यांकडे पाहिलं, तेव्हा कुठे मला दिसायला लागलं. कमरेएवढ्या का, तर त्याला वाकावं लागू नये. झाडाच्या डाव्या अंगालाच का, तर उजवा हात मोकळा राहावा. दोन सारख्या वस्तू शेजारी नाहीत. धातूनंतर प्लास्टिक, प्लास्टिकनंतर लाकूड. किल्ल्या शेवटी टोकाला, म्हणजे वाजल्या की कळावं, इथे अंगण संपलं. अख्ख्या गल्लीच्या भंगारातून या बाईनं नवऱ्यासाठी अंगणाचं पान जुळवलं होतं. आणि आम्ही त्यात लाल पेनानं चुका काढत होतो.

"आणि हा चष्मा?" मी विचारलं.

"त्या झाडाचा वास नाही, चव नाही. ते नुसतं बघायचं असतं. म्हणून त्याला चष्मा." त्या जराशा लाजल्या. "फुलं आली की मी सांगते यांना, कशी दिसतात ती. हे चुका काढतात."

मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या हिलाही नाही. माझ्या पोटात ते असं फुगलं की ही म्हणाली, "ओवा खा." मी ओवा खाल्ला.

आणि मग मुलगा आणि सून यांचं यायचं ठरलं.

वहिनींनी घरात तालमी सुरू केल्या. कप कुठे, पाणी कुठे, खुर्ची कुठे. वर्तमानपत्र भल्या सकाळी त्या त्याला हळूच वाचून दाखवत, म्हणजे नंतर हातात धरून "बघितलंस का काय चाललंय ते" असं त्याला मुलाला म्हणता यावं. जुळाऱ्याला या नाटकात एवढी गोडी लागली की एक दिवस भिंतीशी येऊन मला म्हणाला, "शर्ट नवा का रे?" मी चाट! तर म्हणे, "चालताना करकरतोय."

मंडळी आली. मुलगा उंच, जरासा वाकून चालणारा, बापासारखाच. सून हसतमुख, कामसू, बसलेली म्हणून दिसायची नाही. पहिला दिवस झकास गेला. मी भिंतीवर जीव मुठीत धरून उभा. जुळारी अंगणात खुर्चीवर, हातात वर्तमानपत्र, आणि तोंडानं जगाचं कसं व्हायचं ते चाललेलं.

"बाबा," मुलगा म्हणाला, "पेपर उलटा धरलाय तुम्ही."

वहिनींनी हातातला तांब्या खाली ठेवला. मी भिंत घट्ट धरली.

"मग?" जुळारी म्हणाला. "तुझ्या जन्माआधीपासून उलटंच वाचत आलोय. खिळ्यांवर अक्षरं काय सुलटी असतात का? सुलटं वाचलं की मला झोप येते."

मुलगा खो खो हसला. "तुम्ही म्हणजे ना, बाबा!" त्या हसण्यात मीही भिंतीपलीकडून सामील झालो, गरजेपेक्षा मोठ्यानं. वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की मी खताच्या खड्ड्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मुलाला घेऊन भाजी आणायला गेल्या. जुळारी आत दाढी करत होता. सून एकटी अंगणात आली. तिनं त्या पाट्या पाहिल्या, आणि तिचा चेहरा मायेनं भरून आला. सासूबाईंची कला! पण मातीनं किती बरबटलीय. तिनं बादलीत साबणाचं पाणी केलं.

मी कप घेऊन भिंतीपाशी आलो तोवर एकही पाटी जागेवर नव्हती. सगळ्या धुऊन, पुसून, लखलखत पायरीवर पडल्या होत्या, आणि सून त्या परत रोवत होती. सुंदर रोवत होती! चमचे चमच्यांच्या रांगेत, झाकणं झाकणांच्या, प्लास्टिकचं सगळं एका बाजूला, वर बटणांच्या पट्ट्या लहानापासून मोठ्यापर्यंत. दुकानातसुद्धा एवढी टापटीप नसते.

"सूनबाई… अगं… ते… तसंच राहू दिलं असतंस तर?"

"काका, बघा ना आता किती छान दिसतंय! आधी नुसता पसारा होता."

काय सांगणार? का म्हणून हलवायच्या नाहीत, हे सांगितलं तर सगळंच सांगितलं. जन्मभर नको तिथे बोललो, आणि जिथे बोलायला हवं होतं तिथे माझं तोंड शिवलेलं, तेही बाइंडिंगच्या दोऱ्यानं. म्हटलं धावत जाऊन वहिनींना गाठावं, तर फाटक वाजलं. त्या आणि मुलगा आत येत होते, आणि त्याच वेळी घरातून जुळारी बाहेर येत होता.

वहिनींनी अंगण पाहिलं. हातातली पिशवी त्यांनी छातीशी धरली, तशीच धरून राहिल्या.

"सरप्राइज!" सून म्हणाली.

"वा!" जुळारी म्हणाला. तो कशाला वा म्हणाला ते त्याला ठाऊक नव्हतं. मग मोठ्या थाटात म्हणाला, "चहा टाक गं. मी पुदिना आणतो. तुमच्या चौदाव्या मजल्यावर मिळायचा नाही असा."

"तुम्ही कशाला, मी आणते," वहिनी घाईनं म्हणाल्या.

"का? माझ्या हाताला काय झालंय?"

तो पायरी उतरला आणि सरळ पहिल्या पाटीकडे गेला. हात पुढे केला. तिथे टूथब्रश असायचा. आज तिथे चमचा होता.

त्याची बोटं चमच्यावर थांबली. पुन्हा फिरली. मग खाली गेली, पानाला लागली, पान चुरगळलं, नाकाशी गेली. पुदिना. चमचा आणि पुदिना! मी पाहत होतो, त्याच्या कपाळावर एक आठी उमटली, खिळा चुकीच्या खान्यात सापडल्यासारखी.

तो तिथेच हाक मारू शकला असता. पाय अडखळल्याचं नाटक करून परत फिरू शकला असता, वहिनींनी धावत जाऊन हात धरला असता. त्यानं तो चमचा उपटला आणि काखेत धरला. पुढच्या पाटीकडे गेला, तीही उपटली. पुढची. तिच्या पुढची. सुनेनं "बाबा, अहो…" म्हणून सुरुवात केली, मुलानं तिच्या दंडाला हात लावून तिला थांबवलं. सगळ्या पाट्या काखेत गोळा झाल्यावर जुळारी अंगणाच्या पहिल्या टोकाला परत आला.

आणि मग तो काम करू लागला.

झाडावर हात टेकवायचा. पान दोन बोटांत धरायचं, कधी नुसती देठाची लव चाचपायची, कधी वास. मग काखेतल्या गठ्ठ्यात दुसरा हात घालायचा, न चाचपडता एक पाटी ओढायची आणि झाडाच्या डाव्या अंगाला जमिनीत दाबायची. पुदिना, टूथब्रश. शेपू, कंगवा. वांग्याच्या काटेरी देठाला बोट लागलं न लागलं तोच कुकरची मूठ बाहेर. तो थांबत नव्हता. त्याची पाठ हळूहळू ताठ झाली, मान एका बाजूला कलली, ओठ हलायला लागले. मी त्याला छापखान्यात कधी काम करताना पाहिलेलं नव्हतं. त्या सकाळी पाहिलं. छापून झालेल्या पानाचे खिळे हाच माणूस असे खान्यांत टाकत असणार, डोळे भलतीकडे, बोटं आपल्या कामात, आणि एकही खिळा परक्या घरात नाही.

माझा चहा गार झाला. मुलगा खुर्चीवर बसला, उठला, पुन्हा बसला. त्याला काय कळत होतं ते त्याच्या तोंडावर पायरी-पायरीनं दिसत होतं. आधी, बाबांना दिसत नाही. मग, बाबांना दिसत नाही आणि तरीही. त्या 'तरीही'पुढे त्याला शब्द सापडत नव्हता. मलाही सापडला नव्हता, अजून सापडलेला नाही.

शेवटी लिंबापाशी किल्ल्या किणकिणल्या. जुळाऱ्याच्या हातात एकच पट्टी उरली. त्यानं तारेच्या वेढ्यावरून अंगठा फिरवला. कोपऱ्यातलं झाड कुठे आहे ते त्याला पक्कं माहीत होतं. पण तो खुर्चीच्या दिशेनं वळला.

"ये रे इकडे," तो मुलाला म्हणाला. "ही तू लाव. ते झाड नुसतं बघायचं असतं. ते काम आता माझ्याच्यानं होत नाही."

मुलगा उठून गेला. त्यानं पट्टी घेतली, कोपऱ्यात गुडघ्यावर बसला आणि रोवायला लागला. माती घट्ट होती की त्याचे हात ढिले, कोण जाणे, बराच वेळ लागला.

"फुलं आलीत का?" बापानं विचारलं.

"आलीत."

"रंग कसा आहे?"

"जांभळा… नाही, जांभळा नाही. कसं सांगू?" तो फुलाजवळ वाकला. "वांग्यावर ऊन पडलं की कडेला दिसतो ना, तसा."

"तुझी आई गुलाबी म्हणते."

"आईला रंगातलं काय कळतं, बाबा."

"तेच मी म्हणतो," जुळारी खूश होऊन म्हणाला. वहिनी पिशवी छातीशी धरूनच रडत होत्या आणि हसतही होत्या. सून आधीपासूनच रडत होती, का ते तिला अर्धंच कळलेलं असणार.

चहाच्या वेळी मी पलीकडे गेलो. न बोलावता गेलो, अशा वेळी बोलावण्याची वाट पाहणाऱ्यातला मी नाही. वहिनी नवऱ्यावर वैतागल्या होत्या.

"म्हणजे तुम्हाला पाट्या लागतच नव्हत्या? पानावरून कळत होतं सगळं? आणि मी गल्लीभर भंगार मागत फिरले!"

"लागत होत्या तर. त्याशिवाय मी पानापर्यंत पोचलो असतो का?"

"पण नंतर? पाठ झाल्यावर? रोज सकाळी एकेक चाचपत बसायचात ते कशाला?"

जुळाऱ्यानं बशीत चहा ओतला, न सांडता. "पान पाठ असलं तरी प्रूफावर बोट फिरवावंच लागतं," तो म्हणाला. "आणि तू एवढा दोरा आवळून बटण शिवलंयस, त्याला हात न लावता पुढे जाऊ?"

वहिनींनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मुलगा खाली बघत होता. घर विकायचं तो बोलला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. निघताना मात्र त्यानं अंगणात एकट्यानं एक फेरी मारली, डोळे मिटून. कुठवर पोचला ते मी सांगणार नाही. वांग्यात गेला एवढंच सांगतो. आमच्या दोघांच्या पायांचे ठसे तिथे शेजारी शेजारी होते.

पुढे मुलाकडून एक खोकं आलं. वहिनींनी उघडलं तर आत चौदाव्या मजल्याचं भंगार! तुटकं गाळणं, रिमोटची बटणं, बाटल्यांची तऱ्हेतऱ्हेची बुचं, सगळं सुनेनं साबणानं स्वच्छ धुतलेलं. सोबत तिची चिठ्ठी होती, लावायचं तुमच्या क्रमानं, मी हात लावणार नाही. वहिनींनी ती डोळ्यांना लावली की नाही ते मला दिसलं नाही, मधे दोरीवरचे कपडे आले. पण त्या खोक्याला माळ्यावर जागा करण्यासाठी त्यांनी दुसरं काहीतरी टाकून दिलं. ही आमच्या गल्लीतली पहिली नोंद.

मग मास्तरीणबाईही आपली फुटकी पट्टी घेऊन आल्या, सेंटिमीटरच्या खाचांसकट. खाचा बोटाला छान लागतात म्हणून जुळाऱ्यानं तिला मुळ्याशेजारी मान दिलाय. लाल पेन त्यांनी अजून दिलेलं नाही.

आणि मी? मुलाला कळलं म्हणजे गुपित संपलं, असा मी सरळ हिशोब केला आणि संध्याकाळपर्यंत गल्लीचं टोक गाठलं. पोटात इतके दिवस दाबलेलं, ते एका दमात. काही ठिकाणी जुळारी काखेत पन्नास पाट्या घेऊन होता, काही ठिकाणी शंभर.

त्यानंतर लवकरच मला नवी कवळी बसली. जुनी शोधतोय तर कुठे सापडेना. आमची ही म्हणाली, "जपूनकाकूंनी मागितली, दिली."

मी भिंतीवर गेलो. खताच्या खड्ड्याच्या कडेला, छत्रीच्या काडीवर, तारेनं घट्ट आवळून, उन्हात हसत होती. जुळारी फिरत फिरत तिथवर आला. त्यानं दोन बोटांनी वरचे दात चाचपले, खालचे दात चाचपले. ही पाटी त्याला नवी होती. पण त्याला वेळ लागला नाही.

"कसा आहेस?" त्यानं भिंतीकडे तोंड करून विचारलं.